ब्लेड, माऊस आणि बारा बटणं: आवाज कापणाऱ्या हाताचा इतिहास

माझ्या पीएचडीचा विषय ध्वनी-संपादनाच्या साधनांचा इतिहास. हे सांगितलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा मायक्रोफोनबद्दल विचारतो, नाहीतर जुन्या तबकड्यांबद्दल. हाताबद्दल कुणीच विचारत नाही. आणि मी तर मुख्यतः हातांकडेच बघते आहे. आवाज रेकॉर्ड झाल्यानंतर तो कापणारा, जोडणारा, साफ करणारा माणूस दिवसभर हातांनी नेमकं काय करतो? आणि ते 'काय' कुणी ठरवलं?

आजचा लेख या प्रश्नाच्या एका छोट्या तुकड्यावर आहे: शॉर्टकट, मॅक्रो आणि प्रोग्रामेबल कीबोर्ड. आधी हे तीन शब्द सोपे करून घेऊ. मेनू उघडून कमांड शोधण्याऐवजी एक-दोन बटणं दाबून तीच कमांड देणं म्हणजे शॉर्टकट. अनेक कमांडींची साखळी एका बटणाला बांधणं म्हणजे मॅक्रो. आणि ज्या कीबोर्डचं कुठलं बटण काय करेल हे तुम्ही स्वतः ठरवून त्याच्या आतल्या चिपमध्ये साठवू शकता, तो प्रोग्रामेबल कीबोर्ड.

या विषयावरचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. 'हे दहा शॉर्टकट शिका, निम्म्या वेळात काम संपवा' वगैरे. वेळ वाचतो हे खरंच आहे, त्याचा हिशोब पुढे करूच. पण इतिहास बघितला तर गोष्ट थोडी वेगळी दिसते. बोटं जलद चालवणं हा इथला मुख्य प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न होता तो कान आवाजात गुंतलेला असताना लक्ष न तुटता हात कामापर्यंत कसा पोचेल, हा.

एक सेकंद म्हणजे अडतीस सेंटिमीटर

सुरुवात टेपपासून करू. जर्मनीच्या एईजी कंपनीने १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे टेपवर आवाज मुद्रित करणारं यंत्र दाखवलं. महायुद्धानंतर जॅक मुलिन या अमेरिकी अभियंत्याने अशी यंत्रं अमेरिकेत नेली, गायक बिंग क्रॉस्बीच्या रेडिओ कार्यक्रमासाठी टेप वापरली जाऊ लागली, आणि १९४८ मध्ये अँपेक्स कंपनीचं पहिलं टेप रेकॉर्डर बाजारात आलं. तबकडीवरचा आवाज कापता येत नव्हता. टेपवरचा आला. तोही चक्क ब्लेडने.

स्टुडिओत टेप बहुधा सेकंदाला १५ इंच, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर वेगाने धावायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा श्वास काढायचा तर १९ सेंटिमीटर टेप कापून टाकायची. आवाजाला अशी लांबी होती, ती बोटांनी मोजता यायची. संपादक दोन्ही रिळं हातांनी मागेपुढे हलवायचा. त्यातून आवाज घोगरा होऊन, ताणला जाऊन ऐकू यायचा, आणि शब्द जिथे सुरू होतो ती नेमकी जागा कानाला सापडायची. तिथे टेपच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण. मग टेप एका खाचेच्या ठोकळ्यात बसवायची आणि ४५ अंशांच्या तिरक्या फटीतून ब्लेड फिरवायचं. सीबीएस रेडिओत काम करणाऱ्या जोएल टॉलने बनवलेला 'एडिटॉल' हा असाच ठोकळा. जगभरच्या स्टुडिओंमध्ये या जातीचे ठोकळे वापरले गेले.

काप तिरका का? सरळ कापलं तर एक आवाज एकदम तुटतो, दुसरा एकदम सुरू होतो, आणि जोडावर 'टक्' ऐकू येतं. तिरक्या कापात एक आवाज ओसरत जातो आणि दुसरा चढत जातो. पाव इंच रुंदीच्या टेपवर, ३८ सेंटिमीटरच्या वेगाला, ४५ अंशांचा काप साधारण १७ मिलिसेकंदांचा होतो. आज आपण स्क्रीनवर जो क्रॉसफेड ओढतो, तो त्या काळी ब्लेडच्या कोनातच होता. आणि हो, ब्लेड चुंबकीय झालेलं चालायचं नाही, नाहीतर तेच टेपवर 'टक्' उमटवून जायचं.

त्या टेबलावर किती वस्तू होत्या, बघा: पेन्सिल, ठोकळा, ब्लेड, चिकटपट्टी. आणि दोन रिळं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. ब्लेड कुठे आहे हे शोधायला मान वळवायला लागायची नाही. आवाज डोळ्यांना दिसतच नव्हता, त्यामुळे सगळा निर्णय कानाचा आणि अंमलबजावणी हाताची.

हा काळ फार रम्य होता असं मी म्हणत नाही. काप मूळ टेपवरच व्हायचा. चूक झाली तर कापलेला तुकडा टोपलीतून शोधून परत जोडायचा. दहा वेळा प्रयोग करून बघायची मुभा नव्हती. संगणकाने ती दिली. पण देताना एक गोष्ट काढून घेतली.

डाव्या हाताचं काय झालं?

९ डिसेंबर १९६८ या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी एक प्रात्यक्षिक दिलं. संगणकाच्या इतिहासात ते फार प्रसिद्ध आहे, कारण माऊस लोकांनी तिथे पहिल्यांदा पाहिला. पण त्या टेबलावर एंगेलबार्ट यांच्या डाव्या हाताखाली आणखी एक वस्तू होती, तिची आठवण कमी जणांना आहे. पियानोच्या पट्ट्यांसारखी पाच बटणं. एक किंवा अनेक एकदम दाबायची. पाच बटणांच्या ३१ वेगवेगळ्या जुळण्या होतात, म्हणजे इंग्रजीची सगळी अक्षरं बसवूनही वर पाच जुळण्या उरतात. कल्पना अशी होती की उजवा हात 'कुठे' ते दाखवेल आणि डावा हात 'काय' ते सांगेल.

माऊस जगभर गेला. पाच बटणं मागे राहिली. कारण उघड आहे: माऊस दोन मिनिटांत कळतो, त्या जुळण्या मात्र शिकाव्या लागतात. शिकवायला वेळ लागणारी वस्तू दुकानात विकणं अवघड. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर तर बाणाची बटणंसुद्धा नव्हती. लोकांनी माऊसच वापरावा म्हणून ती मुद्दाम गाळली होती.

तरी डावा हात पूर्ण रिकामा राहिला नाही. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या मध्यावर लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा मजकूर-संपादक बनवला. तो पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांसाठी होता, आणि तिथली माणसं तेव्हा खरोखरच कागद कात्रीने कापून डिंकाने चिकटवत होती. 'कट' आणि 'पेस्ट' हे शब्द तिथून पडद्यावर आले. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले. ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश यांच्यावर अनडू, कट, कॉपी, पेस्ट यांना झेड, एक्स, सी, व्ही ही बटणं मिळाली: खालच्या ओळीत डावीकडे, एकमेकांना चिकटून. उजवा हात माऊसवरच ठेवून डाव्या हाताने दाबता येतील अशी. एंगेलबार्ट यांच्या कल्पनेचा अर्धा भाग या चार बटणांतून परत आला.

पत्र लिहायच्या यंत्रावर आवाज

आता हे सगळं आवाजाच्या स्टुडिओत कसं पोचलं ते पाहू. १९८० च्या दशकात हार्ड डिस्कवर आवाज साठवून संपादन करणारी यंत्रं आली. इंग्लंडमधल्या एएमएस कंपनीचं 'ऑडिओफाइल' हे त्यातलं सुरुवातीचं. ऑस्ट्रेलियातल्या फेअरलाइट कंपनीने पुढे 'एमएफएक्स' मालिका काढली. या यंत्रांना स्वतःचं खास पॅनल असायचं. फेअरलाइटने पुढे 'झिनर्जी' नावाचं असं पॅनल काढलं की कामाप्रमाणे प्रत्येक बटणावरचं चित्रच बदलायचं. अशा यंत्रांवर काम करणाऱ्याचे हात पुन्हा टेबलावर स्थिरावले होते. पण ही यंत्रं मोठ्या स्टुडिओंच्याच आवाक्यातली. (फेअरलाइट २०१६ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने घेतली. दाविंची रिझॉल्व्हमध्ये आवाजाच्या पानाचं नाव 'फेअरलाइट' का आहे, ते इथे कळतं.)

दुसरी वाट स्वस्त होती. डिजिडिझाइन कंपनीने १९८९ मध्ये 'साउंड टूल्स' आणि १९९१ मध्ये 'प्रो टूल्स' आणलं, आणि तेही साध्या मॅकिंटॉशवर. वेगळं पॅनल नाही, समोर नेहमीचा कीबोर्ड आणि माऊस. पुढच्या काळात जग याच वाटेने गेलं. तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर आज जे चालतं ते याच घराण्यातलं.

आता जरा थांबून बघा काय झालं. लॅपटॉपच्या कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी क्रिस्टोफर शोल्स यांच्या १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरवरून आलेली. म्हणजे पत्रं लिहायच्या यंत्रावर बसून आपण आवाज कापायला लागलो. कान स्पीकरकडे, डोळे स्क्रीनवरच्या लाटांकडे, उजवा हात माऊसवर आणि हवी ती कमांड मेनूच्या तिसऱ्या पायरीवर.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे कळत होतं. प्रो टूल्समध्ये 'कीबोर्ड कमांड फोकस' नावाची सोय आहे. ती चालू केली की एकेक अक्षर थेट कमांड होतं. 'ए' दाबलं की क्लिपचा आधीचा भाग कर्सरपर्यंत कापला जातो, 'एस' दाबलं की नंतरचा. 'डी' ने कर्सरपर्यंत फेड-इन, 'जी' ने कर्सरपासून फेड-आउट. 'बी' ने क्लिपचे दोन तुकडे. ए, एस, डी, एफ, जी: ही डाव्या हाताची मधली ओळ. टाइपरायटर तोच, पण त्याच्या डाव्या अर्ध्यावर आता ठोकळा आणि ब्लेड येऊन बसलेत.

१.३५ सेकंदांचा हिशोब

आता वेळेचा हिशोब. १९८० मध्ये स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल यांनी 'कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल' मांडलं. सरावलेला माणूस संगणकावर एखादं काम किती वेळात करेल याचा अंदाज बांधायची ही साधी रीत. त्यांनी हालचालींना सरासरी वेळ दिले. एक बटण दाबणं: ०.२ सेकंद. माऊसने एखाद्या जागी पोचणं: १.१ सेकंद. हात कीबोर्डवरून माऊसवर नेणं: ०.४ सेकंद. आणि मनाची तयारी, म्हणजे 'आता काय करायचं आणि ते कुठे आहे' हे आठवणं: १.३५ सेकंद.

मेनूतली एक कमांड घ्या. हात माऊसवर (०.४), मेनूपर्यंत (१.१), क्लिक (०.२), कमांडपर्यंत (१.१), क्लिक (०.२), हात परत (०.४). एकूण ३.४ सेकंद. मनाची तयारी धरून ४.७५. तेच दोन बटणांच्या शॉर्टकटने: ०.४ अधिक १.३५, म्हणजे १.७५ सेकंद. फरक तीन सेकंदांचा. समजा एका तासाच्या मुलाखतीत असं ४०० वेळा करायचं आहे, तर २० मिनिटं वाचली.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. शॉर्टकटच्या १.७५ सेकंदांत बोटांचा वाटा ०.४ आहे. उरलेला सगळा मनाचा. म्हणजे एकदा शॉर्टकट वापरायला लागलात की बोटं आणखी जलद करून फारसं काही हाती लागत नाही. खर्च 'आठवण्या'त आहे. आता 'तुकडा कर, मधलं काढ, फट मिटव' या तीन कमांडी घ्या. प्रत्येकीसाठी वेगळं आठवावं लागलं तर तीनदा १.७५, म्हणजे ५.२५ सेकंद. तिन्ही एका बटणावर बांधल्या तर १.५५. वाचलेल्या ३.७ सेकंदांपैकी २.७ मनाचे आहेत. ही मनाची तयारी सरावाने गळून पडते, हे त्या मॉडेलमध्येही धरलेलं आहे. हालचाल अंगवळणी पडली की मन वेगळं थांबत नाही. टेप कापणाऱ्याचं ब्लेड असंच अंगवळणी पडलेलं होतं.

मग सगळेच शॉर्टकट का वापरत नाहीत? जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये याला 'सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास' असं नाव दिलं. माणूस काम उरकायच्या मागे असतो, म्हणून काम लवकर उरकायची रीत शिकायला थांबत नाही. तुम्हाला कधी उद्या सकाळी एपिसोड द्यायचा असेल, तर हे वेगळं समजावून सांगायला नको.

मॅक्रोचा आजोबा: तारेचं यंत्र

मॅक्रोची गोष्ट मात्र संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होते. तारखात्यातले लोक दिवसभर मोर्सची कळ दाबायचे. वर्षानुवर्षं हेच केल्यावर अनेकांचा हात आखडायचा, बोटं ऐकेनाशी व्हायची. ब्रिटनमध्ये १९०८ साली हा 'तारवाल्यांचा आखडलेला हात' कामगार-भरपाईच्या रोगांच्या यादीत घालावा लागला. अमेरिकेत होरेस मार्टिन यांनी त्याच शतकाच्या अगदी सुरुवातीला 'व्हायब्रोप्लेक्स' ही कळ बनवली. दांडी एका बाजूला ढकलली की स्प्रिंगच्या कंपनाने टिंबं आपोआप पडत राहायची. डॅश तेवढे हाताने द्यायचे. एक हालचाल, आणि तिच्यातून अनेक ठोके. मॅक्रो म्हणजे दुसरं काय असतं?

इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही की वारंवार होणारी हालचाल यंत्रावर सोपवण्यामागे वेगाइतकंच दुखणंही होतं. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांच्या हातादुखीचा मोठा वाद उभा राहिला आणि 'आरएसआय' हे नाव घरोघरी पोचलं. ध्वनी-संपादकाच्या बाबतीत अडचण बहुधा उजव्या मनगटाची, माऊसच्या हाताची. काम दोन हातांत वाटून घेणं ही त्यामुळे चैन नव्हे.

प्रोग्रामेबल कीबोर्ड संगणकाच्या दुनियेतही तसे जुनेच. १९९० च्या दशकात गेटवे कंपनी आपल्या संगणकांबरोबर 'एनीकी' नावाचा कीबोर्ड द्यायची. त्याच्या बटणांना नवीन कामं शिकवता यायची, आणि नकळत भलतंच काही शिकवलं जायचं म्हणून लोक वैतागायचेही. दुकानांच्या बिलिंग काउंटरवर प्रत्येक वस्तूला एक बटण असलेले कीबोर्ड दिसायचे, तेही याच जातीचे. पुढे हौशी मंडळींनी 'क्यूएमके' हे खुलं फर्मवेअर उभं केलं. त्यामुळे नऊ किंवा बारा बटणांचं एक छोटं पॅड घेऊन, त्यातलं प्रत्येक बटण आपल्या मर्जीने ठरवणं आता कुणालाही जमतं. एक बटण दाबून धरलं की बाकीच्या बटणांचे अर्थ बदलतात. याला 'लेअर' म्हणतात.

या पॅडवर काय पाठवायचं, याला एक सुंदर उत्तर इतिहासाने ठेवलेलं आहे. आपल्या कीबोर्डवर एफ१ ते एफ१२ असतात. पण आयबीएमच्या जुन्या टर्मिनलांवर अशी २४ बटणं असायची, आणि यूएसबीच्या नियमावलीत आजही एफ१३ ते एफ२४ ही बारा बटणं नोंदलेली आहेत. विंडोजला ती कळतात. साध्या कीबोर्डवर ती नसल्यामुळे सॉफ्टवेअरवाले त्यांना सहसा काही काम देत नाहीत. म्हणजे बारा रिकाम्या खोल्या तुमच्यासाठी आहेत.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी तर हा मोठाच फायदा आहे. ट्रॅकना, खुणांना मराठीत नावं द्यायला तुम्ही इनस्क्रिप्ट चालू करता. (ही मांडणी १९८६ मध्ये प्रमाणित झाली.) आणि मग 'बी' दाबल्यावर तुकडा होण्याऐवजी संगणकाला 'व' पोचतो, आणि एक-अक्षरी शॉर्टकट अनेकदा मुके होतात. एफ१३ ला मात्र भाषा नाही. कीबोर्ड मराठी असो की इंग्रजी, ते एफ१३च राहतं.

अजून एक बारकावा. पॅडमध्येच लांबलचक मॅक्रो भरायचा मोह होतो: हे दाब, मग ते, मग एंटर. पण पॅड आंधळं असतं. मधली खिडकी उघडली की नाही हे त्याला दिसत नाही, ते आपलं बटणं पाठवत राहतं. संगणक जरा रेंगाळला की साखळी विस्कटते आणि भलतंच काही डिलीट होतं. म्हणून साखळी सॉफ्टवेअरच्या आत बांधावी. 'रीपर'मध्ये यासाठी 'कस्टम ॲक्शन' आहेत. विंडोजवर 'ऑटोहॉटकी', मॅकवर 'कीबोर्ड माएस्ट्रो' अशी वेगळी साधनंही आहेत. पॅडने फक्त एकच निरोप द्यावा: एफ१३.

ज्यांच्यासाठी माऊस नाहीच

इथपर्यंत आपण जणू कीबोर्ड हा माऊसला पर्याय आहे असं बोलत होतो. दृष्टिहीन संपादकासाठी तो पर्याय नाही, तो एकमेव दरवाजा आहे. पडद्यावरचा बाण जिथे दिसतच नाही तिथे माऊसचा उपयोग काय?

एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर मायकेल करन आणि जेम्स टे या दोन ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन प्रोग्रामरांनी उभा केला. तो मराठीतही बोलतो. त्याच जेम्स टे यांनी 'ओसारा' हे रीपरसाठीचं खुलं जोडसाधन सुरू केलं. त्यामुळे कर्सर कुठे आहे, कुठला ट्रॅक निवडलाय, आवाजाची पातळी किती, हे स्क्रीनरीडर बोलून सांगतो आणि सगळं संपादन कीबोर्डवरून करता येतं. रीपर यासाठी सोयीचं का ठरलं? कारण त्यातल्या कामांची एक भलीमोठी यादी आहे आणि त्यातल्या कशालाही कुठलंही बटण देता येतं. बटण देता येणं ही आपल्यासाठी सोय, त्यांच्यासाठी रोजगार.

म्हणूनच एखादी कंपनी नव्या आवृत्तीत शॉर्टकट काढून टाकते, किंवा एखादं काम फक्त माऊसनेच होईल असं करते, तेव्हा ते 'थोडं गैरसोयीचं' एवढंच नसतं. कुणाचं तरी काम त्या दिवशी बंद पडतं. आणि गंमत बघा, कान आणि हात यांच्याच भरवशावर, पडद्याशिवाय चाललेलं हे संपादन ब्लेडच्या काळातल्या संपादनाच्या सगळ्यात जवळचं आहे.

मग तुम्ही काय कराल?

इतिहासाचा लेख असला तरी इथपर्यंत वाचल्यावर काही हाती लागावं, म्हणून थोडं व्यवहाराचं.

पॅड विकत घेण्याआधी दोन दिवस कागदावर रेघा मारा. कुठली कमांड किती वेळा दिली, एवढंच. बोलक्या आवाजाचं काम असेल तर यादी बहुधा लहानच निघते: तीन सेकंद मागे जाऊन ऐकव, इथे तुकडा कर, मधलं काढून फट मिटव, श्वास हलका कर, जोडावर छोटा क्रॉसफेड दे, इथे खूण कर, रीटेक शोध. सात-आठ क्रियापदं. सगळ्यात जास्त लागणाऱ्या तीन बटणांना सगळ्यात बळकट बोटं द्या. नुकसान करणारं बटण (काढून टाक) कोपऱ्यात ठेवा. आणि मग निदान महिनाभर जागा बदलू नका. जागा बदलली की ते १.३५ सेकंद परत आले म्हणून समजा.

चाळीस मॅक्रो बनवायचा मोह टाळा. चाळीस बटणं म्हणजे पुन्हा मेनूच, फक्त प्लास्टिकचा. टेपवाल्याच्या टेबलावर चारच हत्यारं होती, हे विसरू नका.

शेवटी वाचलेल्या वेळाबद्दल. ऑडिओबुकच्या धंद्यात अनेकदा पैसे तयार झालेल्या तासाला मिळतात, तुम्ही घातलेल्या तासांना नाही. तिथे वाचलेली २० मिनिटं तुमची स्वतःची. पण जिथे काम पगारावर किंवा डेडलाइनवर चालतं, तिथे वाचलेला वेळ फार दिवस तुमच्याकडे राहत नाही. आज रोज तीन एपिसोड होतात म्हटल्यावर पुढच्या महिन्यापासून चार मागितले जातात. शॉर्टकट वेळ वाचवतो, पण तो वेळ कुणाच्या खिशात जाणार हे शॉर्टकट ठरवत नाही. ते वाटाघाटीत ठरतं. माझा सल्ला विचाराल तर, निदान थोडा वेळ कानासाठी राखून ठेवा. पूर्ण झालेला एपिसोड एकदा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून सलग ऐका. घाईत पहिली काट याच ऐकण्यावर बसते.

जाता जाता एक विनंती. टेपा संग्रहालयांत जपल्या जातात, यंत्रंही जपली जातात. टेप कापणारे हात मात्र कुठेच जपले जात नाहीत. रिळं किती हळू फिरवायची, ब्लेड कसं धरायचं, हे लिहिलेलं फारसं सापडत नाही. आकाशवाणीत, ध्वनिमुद्रण स्टुडिओत, चित्रपटांच्या साउंड विभागात हे काम केलेली माणसं तुमच्या घरात, शेजारात असतील. आता ती सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे जा आणि 'कसं करायचात?' एवढंच विचारू नका, 'करून दाखवा' म्हणा. समोर टेप नसली तरी चालेल. फोनचा कॅमेरा चेहऱ्यावर नाही, हातांवर धरा.